चर्चिल वॉर रूम्स, लंडन : हॉलिस नावाच्या मरीन अधिकाऱ्यासाठी पाहावं असं तळघर

तिकीट महाग आहे, हे आधीच सांगते. मोठ्या माणसाला तीस पौंडांच्या पुढे. लॅम्बेथचं इम्पीरियल वॉर म्युझियम फुकट पाहता येतं, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने बॉम्बपासून आडोसा म्हणून वापरलेल्या, त्याच संस्थेच्या या तळघराला मात्र एवढे पैसे पडतात. तरीही लंडनला मुला-मुलींकडे येणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना मी म्हणेन, एखादा राजवाडा कमी पाहा, पण इथे अर्धा दिवस काढा.

मी मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बराच भाग बैठकांमध्ये गेला. विषयपत्रिका काढायची, टिपणी तयार ठेवायची, साहेब लोक बोलत असताना खाली मान घालून लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी इतिवृत्त फिरवायचं. त्यामुळे लेक म्हणाली, "आई, चर्चिलचं ऑफिस बघायचंय का?" तेव्हा मला चर्चिलपेक्षा त्याच्या मागच्या खुर्च्यांवर कोण बसायचं याचं जास्त कुतूहल होतं. तिथून बाहेर पडले ती लेस्ली हॉलिस हे नाव घेऊन. रॉयल मरीन्सचा अधिकारी. अख्खं दुसरं महायुद्ध या माणसाने युद्धमंत्रिमंडळाच्या, म्हणजे युद्धाचे निर्णय घेणाऱ्या मोजक्या मंत्र्यांच्या, सचिवालयात काढलं आणि हे तळघर उभं करण्यातही त्याचा हात होता. म्हणून हे परीक्षण त्याच्या बाजूने लिहिते आहे.

रॉयल मरीन्स म्हणजे ब्रिटिश नौदलाचे सैनिक. जहाजावर राहायचं, तोफा चालवायच्या, वेळ आली की किनाऱ्यावर उतरून लढायचं. हॉलिस १८९७ साली जन्मले, एका पाद्र्याच्या घरात. पहिल्या महायुद्धात कोवळ्या वयात मरीन्समध्ये आले आणि ग्रँड फ्लीट व हार्विच फोर्स या आरमारांत त्यांनी नोकरी केली. पुढे १९३२ मध्ये नौदल मुख्यालयाच्या योजना विभागात आणि १९३६ मध्ये साम्राज्य संरक्षण समितीचे सहायक सचिव. इथून त्यांचं आयुष्य कागदाला बांधलं गेलं. ओळखीचे लोक त्यांना 'जो' म्हणायचे.

१९३८ मध्ये युद्धाची चिन्हं दिसायला लागली. लंडनवर बॉम्ब पडणार हे गृहीत होतं. मग मंत्रिमंडळ आणि तिन्ही दलांचे प्रमुख बसणार कुठे? जागा शोधून ती सज्ज करण्याचं काम समितीच्या सचिवालयाकडे आलं. तिथे इस्मे हे लष्करी अधिकारी वरिष्ठ होते आणि हॉलिस त्यांचे हाताखालचे. व्हाइटहॉलमधल्या एका भक्कम सरकारी इमारतीचं तळघर निवडलं गेलं, जुन्या नस्त्या ठेवायच्या खोल्या रिकाम्या करून घेतल्या गेल्या. २७ ऑगस्ट १९३९ रोजी जागा चालू झाली आणि बरोबर एका आठवड्याने ब्रिटनने युद्ध पुकारलं. सरकारी इमारतीत एका खोलीचं विभाजन करून घ्यायचं म्हटलं तरी बांधकाम खात्याशी किती पत्रव्यवहार होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या एका आठवड्याचं मोल कळेल. माझ्या मते हॉलिसच्या कारकिर्दीतलं हे पहिलं मोठं यश, आणि त्यात एकही गोळी झाडली गेली नव्हती.

आता प्रत्यक्ष जागा. सेंट जेम्स पार्कच्या बाजूला क्लाइव्ह स्टेप्स म्हणून पायऱ्या आहेत, तिथे दार. हा क्लाइव्ह म्हणजे आपला प्लासीवाला, पुतळा वरच उभा आहे. आत गेलं की कानाला लावायचं श्राव्य मार्गदर्शन मिळतं, ते तिकिटातच येतं. ते घ्याच. इंग्रजी संथ आणि स्वच्छ आहे, मला कुठे अडलं नाही. मात्र बोळ अरुंद आहेत, छत ठिकठिकाणी खाली आलेलं आहे, वरून लाल रंगाच्या जाड तुळया आणि पाइप गेलेले आहेत. सकाळची पहिली वेळ घेतली तर प्रत्येक काचेपुढे निवांत उभं राहता येतं.

पहिल्याच टप्प्यात कॅबिनेट रूम लागते आणि तिथे मी सर्वांत जास्त वेळ थांबले. खोली १५ ऑक्टोबर १९४० च्या संध्याकाळच्या पाचच्या बैठकीसाठी मांडलेली आहे. घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी. आदल्या रात्रीच डाउनिंग स्ट्रीटजवळ बॉम्ब पडून पंतप्रधानांच्या घराच्या स्वयंपाकघराची वाताहत झाली होती. चौकोनात मांडलेली टेबलं, प्रत्येकापुढे टीपकागद, शाई, रक्षापात्र. मागे जगाचा नकाशा आणि त्यापुढे चर्चिलची गोल पाठीची लाकडी खुर्ची. तिन्ही दलांचे प्रमुख त्याच्या अगदी समोर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर बसायचे. त्या खुर्चीच्या हातांकडे नीट बघा. लाकडावर ओरखडे आहेत, एका बाजूला नखांचे, दुसऱ्या बाजूला अंगठीचे. बोलताना आणि ऐकताना तो माणूस लाकूड खरवडत असे. साहेबांच्या हातांकडे बघून बैठक कुठे चालली आहे हे ओळखायला आम्ही शिकलो होतो. त्या टेबलाभोवती बसून वर्षानुवर्षं टिपणं घेणाऱ्याला ते नक्कीच कळत असणार.

या तळघरात युद्धमंत्रिमंडळाच्या ११५ बैठका झाल्या. पण हॉलिसचं खरं काम दलप्रमुखांच्या समितीचं. चर्चिल पंतप्रधान झाला तेव्हा त्याने संरक्षणमंत्री हे पदही स्वतःकडे घेतलं आणि इस्मे, हॉलिस व इयन जेकब या तिघांचं लष्करी सचिवालय त्याच्या हाताशी आलं. इस्मे नैनितालला जन्मलेला, हिंदी घोडदळातला. १९४७ मध्ये माउंटबॅटनचा प्रमुख कर्मचारी अधिकारी म्हणून तो पुन्हा दिल्लीत आला होता, हे आपल्याकडच्या वाचकाला आठवेल. जेकब लष्करातला इंजिनिअर. हॉलिस मरीन. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांच्यात कायम ओढाताण. मरीन माणूस नौदलाचा असतो पण लढतो जमिनीवर, त्यामुळे दोन्हीकडची भाषा त्याला येते.

त्यांचा दिवस कसा जात असेल याचा मी हिशेब मांडून पाहिला. दलप्रमुखांची बैठक रोज सकाळी साडेदहाला. त्याआधी विषयपत्रिका आणि तिन्ही दलांच्या मिळून योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांचे कागद पोचलेले हवेत. दुपारी चर्चिल झोप काढणार, म्हणजे रात्री दहाला पुन्हा ताजातवाना होऊन बैठक बोलावणार, आणि ती मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालणार. लष्कराचा प्रमुख ब्रूक आपल्या रोजनिशीत या रात्रींबद्दल किती चरफडला आहे हे प्रसिद्धच आहे. पण ब्रूक उठून झोपायला जाऊ शकत होता. सचिवाला ठरलेलं काय, न ठरलेलं काय आणि रागाच्या भरात नुसतंच बोललं गेलेलं काय, हे वेगळं करून सकाळपूर्वी कागदावर आणावं लागत होतं. चर्चिलच्या आदेशांवर लाल चिठ्ठी डकवलेली असायची, 'अॅक्शन धिस डे'. आमच्याकडे 'अतितात्काळ'चा शिक्का असायचा. लाल चिठ्ठीमागे कुणीतरी पाठपुरावा करणारा लागतो. हॉलिस तो करत होते, सहा वर्षं.

इतिवृत्त लिहिणाऱ्याची नीतीही असते. दोन ज्येष्ठ माणसं कडाडून भांडलेली असतात. त्यातलं भांडण गाळायचं आणि मतभेद ठेवायचा. निर्णय असा लिहायचा की उद्या तो वाचून फौज हलली पाहिजे, आणि कुणालाही आपल्या तोंडी भलतंच घातलं असं वाटता कामा नये. हे जमणारा माणूस दुर्मीळ. तो मिळाला की वरचे लोक त्याला सोडत नाहीत, म्हणून हॉलिसना युद्धभर रणांगणावर जायला मिळालं नाही. एका मरीनला हे सोपं गेलं नसणार असं मला मनापासून वाटतं. त्याच वर्षांत त्यांचे भाऊबंद फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायच्या बोटी चालवत होते आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये हॉलंडच्या वाल्खेरेन बेटावर आगीत शिरत होते.

मॅप रूम म्हणजे या जागेचं काळीज. तिन्ही दलांचे अधिकारी पाळ्या लावून चोवीस तास इथे बसत. मधल्या टेबलावर रंगीबेरंगी टेलिफोनांची रांग. रोज सकाळी राजा, पंतप्रधान आणि दलप्रमुख यांच्यासाठी इथून परिस्थितीचा गोषवारा जायचा. भिंतीवरच्या अटलांटिकच्या नकाशाला अगदी नाक लावून बघा. जहाजांचे तांडे दाखवायला टाचण्या टोचत असत. एवढ्या टोचल्या की कागदाची चाळण झाली आहे, काही ठिकाणी वरून नवा तुकडा चिकटवावा लागला. एकेक भोक म्हणजे माणसं आणि धान्य घेऊन निघालेला तांडा. १६ ऑगस्ट १९४५ ला या खोलीचे दिवे बंद झाले आणि वस्तू जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. हेगर्टी नावाच्या हवाई दलाच्या अधिकाऱ्याच्या खणात त्याच्या नावाचं पाकीट सापडलं, त्यात साखरेच्या तीन वड्या. एक वडी कडेने खरवडून वापरलेली. रेशनची साखर. नकाशाशेजारी त्या वड्या ठेवल्या आहेत, चुकवू नका.

बाकीच्या खोल्या पटापट पाहून होतात. अटलांटिकपार टेलिफोनची खोली गमतीची आहे. दाराला शौचालयासारखी 'रिकामे आहे / आत कुणी आहे' अशी कडी, त्यामुळे ते पंतप्रधानांचं खासगी न्हाणीघर आहे असा बऱ्याच जणांचा समज होता. प्रत्यक्षात आतून थेट अमेरिकेच्या अध्यक्षांशी बोलणं व्हायचं, आणि आवाज सांकेतिक करणारं अवजड यंत्र सेल्फ्रिजेस या दुकानाच्या इमारतीच्या तळघरात होतं. टायपिस्ट मुलींच्या खोलीत आवाज न करणारे रेमिंग्टन टाइपरायटर आहेत, चर्चिलला टकटक सहन होत नसे म्हणून अमेरिकेहून आणवलेले. बोळात शीळ घालू नये अशी पाटी आहे. या मुली पाळी संपली की आणखी खालच्या मजल्यावर, वाकून चालावं लागेल अशा जागेत झोपायच्या. ऊन दिसत नाही म्हणून त्यांना गॉगल लावून दिव्यापुढे बसवत. दारावर पहारा रॉयल मरीन्सचा होता. पहारेकरीही मरीन आणि आत टिपणं घेणारा वरिष्ठही मरीन, हे मला फार आवडलं.

हॉलिस मात्र कायम तळघरात नव्हते. ऑगस्ट १९४१ मध्ये चर्चिल 'प्रिन्स ऑफ वेल्स' या युद्धनौकेवरून न्यूफाउंडलंडला रूझवेल्टला भेटायला गेला, तेव्हा इस्मेला लंडनमध्ये ठेवून कर्नल हॉलिस आणि जेकब यांना बरोबर घेतलं होतं. युद्धानंतरचं जग कसं असावं हे सांगणारी दोघांची अटलांटिक सनद तिथली. चारच महिन्यांनी, १० डिसेंबरला, तीच नौका जपानी विमानांनी मलायाच्या समुद्रात बुडवली. तिच्यावरचे वाचलेले मरीन सिंगापूरला आले आणि एका स्कॉटिश पलटणीबरोबर जोडले जाऊन शेवटपर्यंत लढले. त्याच डिसेंबरात हॉलिस वॉशिंग्टनच्या परिषदेसाठी पुन्हा समुद्रावर होते. ज्या जहाजाच्या डेकवर आपण उन्हाळ्यात वावरलो त्याची ही बातमी आली आणि तरी बॅग भरून निघायचं, कागद बरोबर घ्यायचे. १९४३ च्या अखेरीस तेहरानहून परतताना चर्चिल न्यूमोनियाने आजारी पडला आणि नंतर मराकेशला विश्रांती घेत होता, तिथेही हॉलिस त्याच्याजवळ होते. इटलीत अंझिओच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची आखणी तिथून चालली होती. सचिवालय माणसाबरोबर फिरतं.

एक गोष्ट भारतीय माणूस म्हणून लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती. धान्यासाठी जहाजं द्यावीत की नाही यावर युद्धमंत्रिमंडळात ४ ऑगस्टला आणि नंतरही चर्चा झाली. भारतमंत्री एमेरी मागत राहिले, जेवढं मागितलं त्याच्या तुलनेत मिळालं फार थोडं. मृतांचा आकडा तीस लाखांच्या आसपास धरला जातो. त्या अटलांटिकच्या चाळण झालेल्या नकाशापुढे मी उभी होते तेव्हा जहाजांची खरी चणचण डोळ्यांना दिसत होती, आणि तरीही मला ते पटलं नाही. जहाजं कमी असली की कुणाला आधी द्यायची हा निर्णय माणसं करतात आणि तो इतिवृत्तात उतरतो. सचिव मत देत नाही, नोंद ठेवतो. त्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या म्हणूनच आज आपण जाब विचारू शकतो. हे तळघर पाहताना आपल्या मुलांना हा भाग आपणच सांगायचा.

आणखी एक धागा माझ्या माहेरचा. मी दौंड तालुक्यातली, केडगावच्या बाजूची. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे गाव सर्वांना माहीत आहे. १९४४ च्या सुरुवातीला मुंबईत उतरलेल्या ब्रिटिश कमांडो ब्रिगेडचा तळ याच केडगावला पडला होता आणि तिच्यात ४४ रॉयल मरीन कमांडो ही तुकडी होती. पुढे ही ब्रिगेड ब्रह्मदेशातल्या आराकानात गेली. जानेवारी १९४५ मध्ये कांगॉच्या हिल १७० वर कॅम्बेल हार्डी या मरीन ब्रिगेडियरच्या हाताखाली तिने जपान्यांना अडवून धरलं, आपल्या २५ व्या हिंदी डिव्हिजनबरोबर. लंडनच्या तळघरात दलप्रमुखांपुढे जे कागद सरकत होते त्यांचं एक टोक आमच्या बाभळींच्या माळावर होतं, हे मला लेकीला सांगताना भरून आलं.

तळघराच्या मध्यावर चर्चिल म्युझियम आहे, २००५ मध्ये जोडलेलं. त्याचं बालपण, भाषणं, चिरूट, कपडे, आणि त्याच्या आयुष्याचं वर्षवार वाचता येणारं लांबलचक डिजिटल टेबल. ज्यांना चर्चिल हवा आहे त्यांना इथे भरपूर मिळेल. माझा सल्ला, वेळ कमी असेल तर याला कात्री लावा आणि खोल्यांना वेळ द्या. चहाची सोयही आतच आहे.

हॉलिसचं पुढे काय झालं ते सांगते. युद्ध संपल्यावर ते मंत्रिमंडळाचे लष्करी बाजूचे उपसचिव आणि संरक्षणमंत्र्यांचे प्रमुख कर्मचारी अधिकारी झाले. आणि १९४९ मध्ये ते रॉयल मरीन्सचे कमांडंट जनरल, म्हणजे दलाचे सर्वोच्च अधिकारी झाले. कागद सांभाळणारा माणूस दलाच्या डोक्यावर कशाला, असं कुणाला वाटेल. मला तर ती नेमणूक अगदी रास्त वाटते. युद्धानंतर काटकसर सुरू झाली होती, आणि अशा वेळी लहान दलाला सरकारी टेबलावर स्वतःची बाजू मांडता येणारा माणूस लागतो. व्हाइटहॉलचा कानाकोपरा त्यांना माहीत होता. त्यांच्या काळात मरीन्स मलायात जंगलयुद्धात होते आणि ४१ कमांडो १९५० च्या हिवाळ्यात कोरियात चोसिनच्या बर्फात अमेरिकन मरीन्सच्या बरोबरीने लढली. १९५२ मध्ये ते निवृत्त झाले, १९६३ मध्ये वारले.

व्यवहाराचं थोडं. तिकीट ऑनलाइन काढा, त्यावर वेळ छापलेली असते. वेस्टमिन्स्टर स्टेशनवर उतरून चालत पाच-सात मिनिटं. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे, विचारून घ्या. आत बसायला जागा मोजक्या आहेत, जिथे बाक दिसेल तिथे टेका. दोन तास धरून जाऊ नका, तीन तरी हवेत. दहा वर्षांखालच्या मुलांना टेलिफोनची खोली आणि साखरेच्या वड्या सोडल्या तर फार काही हाती लागणार नाही, कॉलेजच्या मुलांना जरूर न्या.

आणि ज्यांना माझ्यासारखी कागदांची ओढ आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी क्यू गार्डन्स स्टेशनवर उतरून राष्ट्रीय अभिलेखागारात जावं. प्रवेश फुकट आहे, मूळ कागद हाताळायचे तर ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दाखवून वाचकपत्र काढावं लागतं. युद्धमंत्रिमंडळाची इतिवृत्तं सीएबी ६५ या मालिकेत आहेत आणि दलप्रमुख समितीची सीएबी ७९ मध्ये. पहिल्या पानावर उपस्थितांची यादी असते. तिच्या तळाशी सचिवालय असा मथळा शोधा, तिथे इस्मेच्या जोडीला एल. सी. हॉलिस हे नाव दिसेल.